जुन्या जीपगाडीच्या मागील आसाची चार दांड्यांची बांधणी

१. विषयप्रवेश

मोटारगाडीचा मागील आस आणि तिची चासी यांच्या दरम्यान दोन कार्ये अखंड चाललेली असतात. पहिले कार्य ओझे पेलण्याचे. गाडीचा व प्रवाशांचा भार चाकांवर लवचिकपणे टेकला पाहिजे. दुसरे कार्य आस जागेवर राखण्याचे. चाक खड्ड्यात जावो वा गतिरोधकावर चढो, आसाने पुढेमागे सरकू नये, डावी-उजवीकडे घसरू नये आणि इंजिनाचा पीळ येताच स्वतःभोवती गिरकी घेऊ नये. जुन्या बनावटीच्या बहुतेक गाड्यांत ही दोन्ही कार्ये एकच वस्तू पार पाडते. ती म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमान, अर्थात पाटा. पाटा काढून त्याच्या जागी वेटोळी स्प्रिंग बसविली की पहिल्या कार्याची सोय होते, परंतु दुसरे कार्य निराधार होते. ते सांभाळण्यासाठी चार दांड्यांची योजना करावी लागते.

प्रस्तुत लेखात या बदलाचे स्वरूप, त्यामागील गणित, बसविण्याचा क्रम आणि कायद्याची मर्यादा यांचा क्रमाने विचार केला आहे. त्याचबरोबर परिभाषेचाही विचार केला आहे. यंत्राच्या ज्या कार्याला भाषेत स्वतंत्र नाव नसते, ते कार्य यंत्रात बदल करताना विसरले जाण्याचा संभव अधिक असतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

२. उदाहरणाची निवड

विवेचनासाठी सीजे-३बी या नमुन्याची जीप घेतली आहे. विलीज कंपनीने हा नमुना १९५३ साली बाजारात आणला आणि पुढे महिंद्रा आणि महिंद्रा या मुंबईच्या कंपनीने त्याची निर्मिती भारतात दीर्घकाळ केली. गाडीच्या पुढील व मागील आसांमधील अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. चारही चाकांवर पाटे आणि दोन्ही आस अखंड, म्हणजे एका बाजूचे चाक उचलले गेले असता दुसऱ्या बाजूच्या चाकाचा कल बदलणारे.

पाट्यांकडून वेटोळ्या स्प्रिंगकडे होणारे हे स्थित्यंतर केवळ हौशी मालकांच्या डोक्यातून निघालेले नाही. त्याच कंपनीने २०१० साली आणलेल्या थार गाडीच्या मागील आसाखाली पाटेच होते. २०२० साली नव्या स्वरूपात आलेल्या, नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या थारमध्ये मागील आस अखंडच ठेवून त्याला वेटोळ्या स्प्रिंगा व दांड्या दिल्या गेल्या. परदेशात रेंज रोव्हर या गाडीने १९७० साली दोन्ही अखंड आसांवर वेटोळ्या स्प्रिंगा वापरल्या होत्या, तर अमेरिकी जीपच्या रँग्लर या नमुन्यात हा बदल १९९६ साली झाला. निर्मात्यांनी नव्या गाडीत जे केले, तेच जुन्या गाडीत करण्याची इच्छा मालकास होणे स्वाभाविक आहे.

छत्रपती संभाजीनगरातील गारखेड्यात राहणारा अशा जीपचा एखादा मालक कल्पावा. त्याची गाडी दररोज सूतगिरणी चौकाच्या परिसरातील गतिरोधकांवरून जाते आणि सुटीच्या दिवशी दौलताबादचा घाट चढून खुलताबादेस पोहोचते. गतिरोधकावर मागील बाजूचे प्रवासी आसनावरून उचलले जातात, आणि चढावरील सुट्या खडीत पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की मागील चाके थडथड उड्या मारतात. या दोन तक्रारी वरकरणी एकाच जातीच्या वाटतात. वास्तविक पहिली तक्रार ओझे पेलण्याच्या कार्याशी निगडित आहे, तर दुसरी आस जागेवर राखण्याच्या कार्याशी.

३. पाट्याचे दुहेरी कार्य

पाटा एकमेकांवर रचलेल्या, उतरत्या लांबीच्या पोलादी पट्ट्यांचा बनलेला असतो. सर्वांत लांब पट्ट्याची दोन्ही टोके वळवून त्यांची कडी केलेली असते. मागील पाट्याची पुढील कडी चासीला पक्की जोडलेली असते. मागील कडी मात्र झुलत्या शॅकलला अडकविलेली असते, कारण ओझ्याखाली कमान सपाट होताना तिची लांबी वाढते आणि त्या वाढीस वाट द्यावी लागते. आस पाट्याच्या मध्यभागी यू-बोल्टांनी आवळलेला असतो.

या साध्या रचनेत पाट्याचा पुढील अर्धा भाग दांडीचे काम करतो. चाकांनी जमिनीला दिलेल्या रेट्याची प्रतिक्रिया आसावर येते व तेथून पाट्याच्या पुढील अर्ध्यातून चासीला पोहोचते. म्हणजे संपूर्ण गाडी त्या पट्ट्यांनी पुढे ढकलली जाते. चाक पुढे फिरत असता आसाच्या घराला उलट दिशेने पीळ बसतो, आणि तो पीळ रोखण्याचे कामही पाट्यालाच करावे लागते. जोर अधिक झाला की पाटा नागमोडी वाकतो. चाक घसरून पकड सुटताच तो सरळ होतो, पुन्हा पकड आली की पुन्हा वाकतो. चढावरील थडथड ती हीच. अशा वेळी पाटा अधिक मऊ केला तर गतिरोधकावरील धक्का कमी होईल, पण थडथड वाढेल. ताठ केला तर थडथड कमी होईल, पण धक्का वाढेल. दोन कार्ये एकाच वस्तूकडे असल्यामुळे एकाची सुधारणा दुसऱ्याच्या मुळावर येते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही स्थिती परिचित आहे. संस्कृतातील 'देवानाम्' या रूपात षष्ठी विभक्ती आणि बहुवचन हे दोन्ही अर्थ एकाच प्रत्ययात मुरलेले असतात. त्यांतील एक बदलून दुसरा तसाच ठेवता येत नाही. याउलट मराठीतील 'घरात' आणि 'घरांत' या रूपांत अधिकरणाचा 'त' तोच राहतो व वचनाचा भेद सामान्यरूपात दिसतो. पाट्याची बांधणी पहिल्या प्रकारची आहे, दांड्या व वेटोळ्या स्प्रिंगांची बांधणी दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक कार्य वेगळे बदलता येते. मात्र प्रत्येक कार्यासाठी वेगळा घटक योजावाही लागतो.

पाट्याचे गुणही येथे नमूद केले पाहिजेत. त्याचे भाग थोडे असतात. गाडीचा भार तो चासीला पुढे व मागे अशा दोन ठिकाणी वाटून देतो. पट्ट्यांच्या परस्पर घर्षणामुळे हेलकावे काही अंशी आपोआप शमतात, आणि एखादा पट्टा तुटला तरी रस्त्याकडेच्या कारागिराला तो बदलता येतो. बदल करणाऱ्याने या गुणांची भरपाई कशी करावयाची याचा विचार आधी करावा.

४. दांड्या चारच का?

अवकाशात मोकळ्या असलेल्या कोणत्याही ताठ वस्तूला सहा प्रकारे हलता येते. तीन दिशांना सरकता येते आणि तीन अक्षांभोवती फिरता येते. मागील आसाला यांपैकी दोनच हालचालींची मुभा असावयास हवी. एक, दोन्ही चाकांसह वर-खाली होणे. दोन, एक चाक वर व दुसरे खाली जाऊन कलणे. उरलेल्या चार हालचाली, म्हणजे पुढेमागे सरकणे, आडवे सरकणे, वरून पाहता तिरपे होणे आणि स्वतःच्या लांबीभोवती फिरणे, या बंद केल्या पाहिजेत.

दोन्ही टोकांना मोकळा सांधा असलेली एक दांडी दोन बिंदूंमधील अंतर कायम ठेवते, म्हणजे एक हालचाल बंद करते. सहातून चार वजा केले असता दोन उरतात. म्हणून योग्य प्रकारे मांडलेल्या चार दांड्या हे नेमके पुरेसे बंधन होय. तीन कमी पडतील, आणि पाचवी घातल्यास कोठेतरी बंधनाची द्विरुक्ती होईल. 'योग्य प्रकारे मांडलेल्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण चार दांड्या बसविल्या म्हणजे चार हालचाली बंद झाल्याच असे नाही.

५. मांडणीचे दोन प्रकार

पहिल्या प्रकारात चारही दांड्या गाडीच्या लांबीला समांतर असतात. दोन आसाच्या वर, दोन खाली. या मांडणीत पुढेमागे सरकणे, तिरपे होणे आणि स्वतःभोवती फिरणे या तीन हालचाली बंद होतात. तीन हालचालींसाठी तीन दांड्या पुरेशा होत्या, तेव्हा चौथी ही द्विरुक्तीच ठरते. आडव्या सरकण्याला मात्र कोणताच अटकाव राहत नाही. म्हणून एक टोक आसाला व दुसरे चासीला जोडलेली आडवी दांडी बसवावी लागते. फ्रेंच मोटार-उद्योगातील जुन्या नावावरून तिला पॅनहार्ड दांडी म्हणतात. गाडी कलली असता या रचनेतील द्विरुक्तीचा ताण रबरी बुशांना सोसावा लागतो. बुशांच्या जागी धातूचे ताठ सांधे घातल्यास तोच ताण ब्रॅकेटांवर जातो.

आडव्या दांडीचा आणखी एक दोष असा की, तिचे आसाकडील टोक वर्तुळाच्या कंसात फिरते, त्यामुळे आस वर-खाली होताना किंचित आडवाही सरकतो. दांडी ९०० मिलिमीटर लांब व स्थिर अवस्थेत पूर्ण आडवी असेल, तर आस ७५ मिलिमीटर उचलला जाताच तो सुमारे ३ मिलिमीटर बाजूला सरकेल आणि १०० मिलिमीटर उचलला जाताच सुमारे साडेपाच मिलिमीटर. दांडी जितकी लांब व जितकी आडवी, तितका हा दोष कमी. तो जवळजवळ नाहीसा करावयाचा असेल तर जेम्स वॅट याने वाफेच्या यंत्रासाठी १७८४ साली पेटंट घेतलेली जोडणी वापरता येते, परंतु तिला जागा पुष्कळ लागते.

दुसऱ्या प्रकारात खालच्या दोन दांड्या जवळपास समांतर राहतात. वरच्या दोन मात्र डिफरन्शियलच्या माथ्यापासून निघून चासीच्या दोन बाजूंकडे तिरप्या जातात. त्यांच्या तिरपेपणामुळे आडवे सरकणेही बंद होते, आणि चार दांड्यांत चारही बंधने द्विरुक्तीवाचून पूर्ण होतात. वरच्या दांड्यांमधील कोन फार अरुंद झाला तर आडवा ताठरपणा घटतो. म्हणून प्रत्येक दांडी गाडीच्या लांबीशी सुमारे ४० अंश तिरपी ठेवणे इष्ट. रेंज रोव्हरमध्ये वरच्या दोन दांड्या आसापाशी एकाच सांध्यात मिळून त्रिकोणी चौकट झालेली होती. तत्त्व तेच.

आखूड जीपमध्ये निवड जागेवरून ठरते. डिफरन्शियलच्या वर व तळफळीच्या खाली वरच्या दांड्यांना हलण्यापुरती मोकळीक असेल तर दुसरा प्रकार अधिक निर्दोष होय. ती नसेल तर पहिला प्रकार व शक्य तितकी लांब आडवी दांडी पत्करावी.

६. मांडणीचे गणित

बाजूने पाहिले असता वरची व खालची दांडी पुढे वाढविल्यास ज्या बिंदूत मिळतात, त्यास तात्क्षणिक केंद्र म्हणतात. त्या क्षणी आस जणू त्या बिंदूभोवती फिरत असतो. जोर देताच गाडीचे बूड खाली बसते की वर उचलले जाते, हे या बिंदूच्या स्थानावरून ठरते. जोर देताना बूड बसण्याला जेवढा प्रतिकार होतो, त्याला येथे बसकणरोध असे म्हटले आहे.

हिशेब असा. मागील चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून तात्क्षणिक केंद्राकडे जाणाऱ्या रेषेचा चढ काढावा. त्यास गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची भागिले दोन आसांमधील अंतर या संख्येने भागावे. उत्तर शेकड्यात मांडले की बसकणरोध मिळतो. तो १०० असेल तर बूड बसतही नाही आणि उठतही नाही. हा हिशेब केवळ मागील चाके ओढत असताना लागू पडतो. चारही चाके ओढू लागली की मागील आसाच्या वाट्याला येणारी ओढ कमी होते आणि परिणामही सौम्य होतो.

उदाहरणादाखल गुरुत्वमध्य ६६० मिलिमीटर उंचीवर आहे असे मानू. ६६० भागिले २०३२ म्हणजे ०.३२५. खालच्या दांडीचे आसाकडील टोक जमिनीपासून २८० व चासीकडील टोक ३४० मिलिमीटर उंचीवर असून दोहोंमधील आडवे अंतर ७५० मिलिमीटर आहे. वरच्या दांडीचे आसाकडील टोक ४६० व चासीकडील टोक ४३० मिलिमीटर उंचीवर असून आडवे अंतर ६०० मिलिमीटर आहे. या दोन रेषा आसाच्या पुढे सुमारे १३८५ मिलिमीटरवर, ३९१ मिलिमीटर उंचीवर मिळतात. चढ ०.२८२, बसकणरोध सुमारे ८७ टक्के.

आता वरच्या दांडीचे चासीकडील टोक केवळ ३० मिलिमीटर खाली आणावे. छेदनबिंदू १००० मिलिमीटरवर व ३६० मिलिमीटर उंचीवर येतो, चढ ०.३६ होतो आणि बसकणरोध १११ टक्क्यांवर जातो. पहिल्या मांडणीत जोर देताच बूड किंचित बसले असते. दुसऱ्या मांडणीत ते उचलले जाईल. हे मूल्य फार वाढविले तर ब्रेक लावताना मागील चाके उड्या मारण्याचा संभव असतो. ३० मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटांचे अंतर. ब्रॅकेट 'अंदाजाने' वेल्ड करू नये याचे कारण यात आहे.

दांड्यांवर येणारा भारही पाहिला पाहिजे. मागील दोन चाकांवर मिळून ६०० किलोग्रॅम भार आहे व टायरची पकड त्याच्या ०.८ पट आहे असे धरल्यास, जमिनीवरील कमाल ओढ सुमारे ४,७०० न्यूटन होते. दांड्या मात्र जमिनीपासून वर, २८० व ४६० मिलिमीटर उंचीवर आहेत. दांड्या आडव्या मानून समतोलाचा हिशेब केला असता खालच्या दोन दांड्यांवर मिळून सुमारे १२,००० न्यूटन दाब आणि वरच्या दोहोंवर मिळून लांबीच्या दिशेने सुमारे ७,३०० न्यूटन ताण येतो. म्हणजे खालच्या दांड्यांवरील भार बाह्य ओढीच्या अडीच पटींहून अधिक. वरच्या दांड्या ४० अंश तिरप्या असतील तर त्यांच्या लांबीतील ताण आणखी तीस टक्क्यांनी वाढतो. वरच्या व खालच्या दांड्यांमधील उभे अंतर कमी केले तर हे सर्व आकडे झपाट्याने चढतात. खड्ड्यातील आघात यात धरलेला नाही. तो या भारात आणखी भर घालतो.

शेवटी प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांना कारागीर 'क्रॉस' म्हणतात. क्रॉसच्या कोनामुळे शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते. १० अंशांच्या कोनात हा चढउतार सरासरीच्या दोन्ही बाजूंस सुमारे दीड टक्का असतो. दोन्ही क्रॉसचे कोन समान असले तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. जीपचा शाफ्ट आखूड असल्यामुळे आसाच्या थोड्या हालचालीनेही हे कोन बदलतात. तेव्हा दांड्यांची लांबी ठरविताना हाही हिशेब ध्यानात ठेवावा लागतो.

७. स्प्रिंग आणि शॉक ॲबसॉर्बर

वेटोळी स्प्रिंग किती ताठ असावी हे गाडीच्या डोलण्याच्या गतीवरून ठरवितात. प्रत्येक मागील चाकावर स्प्रिंगने पेलावयाचे वस्तुमान २५० किलोग्रॅम आणि इष्ट डोलणे सेकंदास दीड वेळा असे धरल्यास, स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरमागे सुमारे २२ न्यूटन येतो. अशी स्प्रिंग स्थिर भाराखाली ११० मिलिमीटर दबते. मागे दोन प्रवासी बसून प्रत्येक चाकावर ७५ किलोग्रॅमची भर पडली तर गाडी आणखी सुमारे ३३ मिलिमीटर खाली येईल. मऊ स्प्रिंग हवी असेल तर चाकाला वर जाण्यासाठी तेवढी मोकळी जागाही हवी, हा व्यवहार टळत नाही.

पट्ट्यांचे घर्षण गेल्यामुळे हेलकावे शमविण्याचा सर्व भार आता शॉक ॲबसॉर्बरवर पडतो. पाट्यांसोबत असलेले जुने शॉक ॲबसॉर्बर तसेच ठेवल्यास गाडी गतिरोधकानंतर बराच वेळ डोलत राहते. नव्या स्प्रिंगच्या मानाने निवडलेले शॉक ॲबसॉर्बर घेणे म्हणूनच आवश्यक असते.

८. बसविण्याचा क्रम

प्रथम गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असताना आसाचा मध्य, चासीपासूनची उंची, डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन आणि दोन्ही आसांमधील कर्णांची लांबी मोजून टिपून ठेवावी. पाटे काढल्यानंतर आस मूळ जागी कोठे होता हे सांगणारी दुसरी कोणतीही खूण उरत नाही.

त्यानंतर गाडी चासीवर टेकवून आस जॅकवर मूळ जागी धरावा व ब्रॅकेट केवळ टाक्यांनी जोडावेत. स्प्रिंग न बसविता आस पूर्ण वर व पूर्ण खाली, तसेच एका बाजूने वर व दुसऱ्या बाजूने खाली असा फिरवून पाहावा. दांडी कोठे घासते, शाफ्ट कोठे अडकतो, ब्रेकची रबरी नळी ताणली जाते काय, हे याच वेळी कळते. सर्व हालचाल निर्वेध झाल्यावरच पक्के वेल्डिंग करावे.

वेल्डिंगबाबत तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. आसाच्या नळ्यांवर सलग वेल्ड केल्यास उष्णतेने आस वाकतो, म्हणून थोडे थोडे व आलटून पालटून वेल्ड करावे. आसाचा मधला भाग ओतीव लोखंडाचा असल्यास त्यावर थेट वेल्ड न करता दोन्ही नळ्यांवर आधारलेला पोलादी पूल बांधून वरच्या दांड्या त्याला जोडणे अधिक सुरक्षित. चासीचा घाट पन्हाळीसारखा एका बाजूने उघडा असेल तेथे नुसते ब्रॅकेट लावल्यास पन्हाळ पिळवटते, म्हणून तेवढा भाग पत्र्याने बंद करून पेटीसारखा करावा. पाटा भार दोन ठिकाणी देत होता, तर वेटोळी स्प्रिंग तो एकाच ठिकाणी देते. तेथे आडवा कणा घालून चासी बळकट करावी लागते.

रबरी बुशांचे बोल्ट गाडी पुन्हा चाकांवर उभी करून, नेहमीच्या उंचीवर असतानाच पक्के आवळावेत. आस लोंबकळत असता ते आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते व लवकर फाटते. चाकाची वरची हद्द रबरी ठोकळ्याने व खालची हद्द पट्ट्याने निश्चित करावी, अन्यथा स्प्रिंग आपल्या जागेतून निसटू शकते. शेवटी कर्ण पुन्हा मोजावेत. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट व वेल्ड तपासावेत.

अशा कामास लागणारे कातकाम व पत्रेकाम या शहरात दुर्मिळ नाही. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, शेंद्रा येथे स्कोडाचा २००१ साली. त्यांच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या कार्यशाळांचे जाळे वाढले. दांडी कातून देणारा कारागीर मिळणे सोपे आहे. दांडीची टोके नेमकी कोठे असावीत हे ठरविणे अवघड.

९. परिभाषेचा प्रश्न

या संपूर्ण व्यवस्थेला 'निलंबन' हा संस्कृतोद्भव शब्द योजता येतो. मूळ कल्पनेशी तो प्रामाणिकही आहे. घोड्याच्या गाड्यांचा सांगाडा एके काळी चामडी पट्ट्यांनी खरोखरच लटकविलेला असे. परंतु आजच्या मराठी वाचकाच्या मनात हा शब्द प्रथम कामावरून निलंबित झालेला कर्मचारी उभा करतो. शिवाय लटकणे हे वर सांगितलेल्या दोन कार्यांपैकी एकाचेही वर्णन नव्हे.

कारागिरांच्या बोलीतील 'कमान' व 'पाटा' हे शब्द अधिक जिवंत आहेत. 'कमान' हा फारसी शब्द, मूळ अर्थ धनुष्य. 'पाटा' हा संस्कृत 'पट्ट' शब्दाच्या कुळातील. पण हे दोन्ही शब्द वस्तूचा आकार सांगतात, कार्य नव्हे. आकारावरून नाव पडल्यामुळे 'पाटा म्हणजे स्प्रिंग' एवढीच समजूत रूढ होते, आणि स्प्रिंगच्या जागी स्प्रिंग घातली की काम संपले असे वाटते. आसाला धरून ठेवण्याचे कार्य नावात कोठेच नसल्यामुळे ते हिशेबातून सुटते.

'शॉकअप' या शब्दाची गोष्ट उलट आहे. शॉक ॲबसॉर्बर या मूळ नावातच कार्य सांगितलेले आहे, पण चुकीचे. धक्का झेलते ती स्प्रिंग. हे साधन धक्क्यानंतरचे हेलकावे शमविते. नावावर विसंबून मालक प्रत्येक धक्क्याचे खापर याच साधनावर फोडतो आणि ते पुन्हा पुन्हा बदलीत राहतो. चढावरील थडथडीवर हा उपाय लागू पडत नाही, कारण तिचे मूळ पाट्याच्या पिळवटण्यात असते.

यास्तव या लेखात 'दांडी' हा साधा शब्द स्वीकारला आहे. वरची दांडी, खालची दांडी, आडवी दांडी अशी नावे घेतली की मांडणी डोळ्यांपुढे उभी राहते. 'हेलकावेरोधक' आणि 'बसकणरोध' हे शब्द कार्यावरून घडविता येतात व ऐकताच उमगतात. कारागिराला ते रुचतील तर टिकतील. कोशात घातल्याने शब्द टिकत नाही, हा भाषेचा अनुभव येथेही लागू आहे.

१०. मूळ रूप आणि कायदा

वाहनाच्या नोंदणीपत्रातील तपशील आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावून निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल ग्राह्य नाहीत असा निर्णय दिला. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे आवश्यक ठरते. खाजगी रानात वा स्पर्धेच्या मैदानात चालणारी गाडी आणि सार्वजनिक रस्त्यावरील गाडी यांत येथे मोठा भेद आहे.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिची अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. चासीवर ब्रॅकेट वेल्ड केलेली जीप या मानास मुकण्याचा संभव आहे.

हस्तलिखितांच्या संपादकापुढे असाच पेच असतो. भ्रष्ट वाटणारा पाठ सुधारून वाचनीय करावा की जसा आहे तसा जपावा? संपादनशास्त्राने यावर मार्ग काढला तो असा की, सुधारणा करावी, पण मूळ पाठ तळटीपेत सुरक्षित ठेवावा. जुन्या गाडीबाबतही हाच विवेक उपयोगी पडेल. गाडी दुर्मिळ व अस्पर्शित असेल तर पाटे उघडून, गंज काढून, कमान पुन्हा देऊन, नवे बुश घालून तिचे मूळ रूपच चालते ठेवावे. पाट्यांची निगा नीट राखली तर गतिरोधकावरील निम्मी तक्रार तेथेच मिटते. गाडी अगोदरच अनेक हातांतून बदललेली असेल आणि कायद्याची अनुमती असेल, तर चार दांड्यांची बांधणी शक्य तेथे बोल्टांनी करावी, मूळ छिद्रे बुजवू नयेत, आणि काढलेले पाटे, शॅकल व मोजमापांची वही गाडीसोबत जतन करावी.

चार दांड्यांच्या बांधणीने गाडीत नवीन कार्य असे काहीच येत नाही. पाटा जे मुकाट्याने करीत होता, तेच आता सहा-सात घटकांकडून उघडपणे करवून घेतले जाते. पाट्यापासून मिळालेला सर्व लाभ या उघडेपणातून येतो, आणि सर्व धोकाही. ज्याने पाट्याची दोन्ही कार्ये ओळखून त्यांची वाटणी केली, त्याची जीप घाट निर्वेध चढेल. ज्याने केवळ स्प्रिंग बदलली, त्याचा आस पहिल्याच चढावर जागा सोडील.